खिडकीकडची रांग

…नाही हो कलाबाई, एवढं घाबराचं काम नाही. आमचेही हे अंतर्गळाचं आपरेशन करूनच पडेल हायेत — ते पाहा, खिडकीकडच्या रांगेत. तुमच्या मालकायचं उद्या आहे ना? अन् दमा आहे म्हनता? मंग एक ऐका माहं, दुसऱ्याच दिवशी उठवा त्यायले. निजू देऊच नोका. काऊन म्हनजे? डाक्तर म्हनते म्हनून. म्हनजे — म्हनत होते.

नांदुऱ्यात आल्यापासून या डाक्तरले एकच ध्यास, कापलेला मानूस लवकर बरा कसा होईन. त्यानं दोन रांगा पाडल्या. भिंतीकडच्यायले जुन्या रितीनं निजवून ठेवाचं, खिडकीकडच्यायले दुसऱ्या दिवशी दारापर्यंत चालवाचं — अन् मंग पाहाचं, कोन्त्या रांगेतले आधी धडधाकट घरी जातात. चालवाचं कोनं? घरच्या बाईनं. सिस्टर बिचारी एकटी, ते कुठं कुठं पुरंन?

आता तुम्हीच सांगा, ताजे टाके घातलेला मानूस चालवाचा कसा? आमच्या धामनगावात बाळंतिनीले बाजेखाली उतरू देत नाहीत, अन् हे तं पोट कापलेलं. ह्यायनं पाय खाली सोडले होते हो — उठतो म्हने, डाक्तर सांगून गेला. म्यांच पाय धरले. म्हनलं टाके तुटतीन, निजा गुमान. तं डाक्तर आला, चालले का म्हने. म्या म्हनलं, हाव. डाक्तरच्या तोंडावर नाही कसं म्हनावं? तो असा खूश झाला, असा खूश झाला — का म्यांच पुढं जोडलं, माठापर्यंत गेले, हातानं पानी घेऊन प्याले. मंग तो रोज इचारे, अन् मी रोज हाव.

अन् निजून निजून छातीत कफ भरला. निमोनिया. ऐकू येते ना घरघर? ते ह्यायचीच. दीर आले, पंजाबराव, ते डाक्तरच्या अंगावरच गेले — माह्या भावाले चालवून चालवून मारून राह्यला का तू? डाक्तर खाली मान घालून उभा. अन् मी तिथंच, पदर तोंडात धरून. कशी बोलू? दीर म्हनतीन, तूच मारलं. अन् म्यांच तं — नाही, मरत नाहीत ते. सुया देऊन राह्यले.

पन सकाळी डाक्तर सिस्टरले म्हने, चालवनं बंद, आपल्या लोकायले हे मानवत नाही. म्हनजे आता सारेच निजून राहतीन. तुमचेही — दम्याचा मानूस, अन् उताना निजवतीन त्याले. पाप माहं, अन् भोगनार लोकं. आज सांगूनच टाकीन डाक्तरले. तुमच्यासमोरच सांगीन.

आले पाहा. पंजाबरावही मागं हायेत. पदर घ्या डोक्यावर.

हाव, डाक्तरसाहेब… हाव, रात्री लय खोकलले… काय म्हनता? नाही साहेब, आठवते ना मले. चालले होते… एखादा दिवस चुकला असंन? तुम्ही रागावनार नाही, हे मालूम आहे मले… नाही. एकही चुकला नाही. पार दारापर्यंत जात. भाऊजीयलेही तेच सांगतलं, मी खोटं कायले बोलीन?

…गेले दोघंही.

तुम्ही काऊन अशा पाहून राह्यल्या माह्याकडं? जा, बाई. जा तुम्ही तुमच्या मानसाजवळ.