वरच्या मजल्याची आंघोळ

धाकटा : ताई, माझा टूथब्रश भिंतीत का आहे?

ताई : भिंतीत नाही, चित्रात आहे. हात लावू नकोस, ओला आहे.

धाकटा : टूथब्रश ओला असतोच. भिंत का ओली आहे?

ताई : तेच तर चित्र! अरे, बॅग तरी ठेव आधी. तिथे नको, तिथे गंज वाळत घातलाय.

धाकटा : गंज वाळत घातलाय.

ताई : पलंगावर ठेव. अंड्याची टरफलं आहेत, ती जरा सरकव. पण मोडू नकोस, मोडलेली वेगळी आहेत.

धाकटा : मी दहा दिवस ट्रेनिंगला गेलो होतो. जाताना या भिंतीवर ओलीचा एक डाग होता. साधा, सरळ, घरगुती डाग.

ताई : ऐक ना! तू गेलास त्या दिवशी मी डागावर पांढरा रंग मारला. दुसऱ्या दिवशी फुगे. पुन्हा मारला. सकाळी उठून बघते तर पोपडे सगळे जमिनीवर आणि भिंतीवर अशी कड उमटलेली, आधी पिवळसर, मग तपकिरी, आणि कडेला क्षारांचा लोणा फुललेला, साखर सांडावी तसा. मी ब्रश हातात धरून नुसती उभी. ढब्या, मी पाच वर्षं चित्रकला शिकले रे. अशी कड मला एकदाही जमली नाही.

धाकटा : म्हणजे वरच्या काकांच्या बाथरूमने तुला हरवलं.

ताई : साफ हरवलं! मग म्हटलं, भांडायचं कशाला, भागीदारी करू. भांडी घासायच्या तारेच्या घासण्या उकलून प्लास्टरमध्ये दाबल्या, त्यावर व्हिनेगर शिंपडलं. वरून पाणी झिरपतं, घासणीला गाठतं, गंज उचलतं आणि खाली येतं. ही नारिंगी धार बघ. ही मी काढलेली नाही! मी फक्त पाण्याच्या वाटेत वस्तू ठेवते. तांब्याची तार ठेवली, हिरवं झालं. कॅसेटची फीत ठेवली, तर पाणी घसरून उजवीकडे गेलं.

धाकटा : आणि टूथब्रश ठेवला तर?

ताई : तो शिंतोडे उडवायला घेतला होता. चिकटला.

धाकटा : हे पांढरं हाड कोणाचं?

ताई : बाबांचा गुडघा. एक्स-रे आहे. त्यांना नको होता म्हणे.

धाकटा : एक्स-रे की गुडघा?

ताई : तक्रार दोन्हींबद्दल होती.

धाकटा : आणि मधली ही पांढरीशुभ्र चौकट? एवढीच जागा माणसांच्या घरातली वाटते.

ताई : ती मी तीन दिवस पॉलिशपेपरने घासली. बघणाऱ्याच्या डोळ्यांना विसावा नको? बरं, आता मुख्य बातमी. प्रदर्शनवाल्या बाई आज चार वाजता इथे येतायत.

धाकटा : ज्यांनी तुझी चित्रं तीनदा परत पाठवली त्या?

ताई : त्याच. तिन्ही वेळा एकच शब्द, “नीटनेटकं”. यावेळी मी त्यांना रोज या भिंतीचा एक फोटो पाठवत गेले. काल फोनच आला! म्हणाल्या, भिंत खरोखर बदलत असेल तर मला डोळ्यांनी बघायचंय. बदलत असेल तर प्रदर्शनातली शेवटची अख्खी खोली तुझी, तिथे अशीच भिंत कर. मेलेला डाग निघाला तर मात्र नको, मेलेले डाग माझ्याकडे पुष्कळ आहेत.

धाकटा : आणि नको म्हणाल्या तर सोमवारपासून आत्याचं टाइल्सचं दुकान.

ताई : बाथरूमच्या टाइल्सवर डॉल्फिन. शब्द दिलाय आत्याला, हा शेवटचा प्रयत्न म्हणून. पण नको म्हणतीलच कशा? रोज सकाळी काका आंघोळ करतात आणि दुपारपर्यंत नवं वलय उमटतं, घड्याळ लावावं असं. फक्त आज कळत नाही काय झालंय. आज काहीच उतरलं नाही. लोणासुद्धा झडायला लागलाय.

धाकटा : ताई.

ताई : सकाळी वर ठोकाठोकी चालली होती. मला वाटलं काका खिळे मारतायत.

धाकटा : ताई, खाली बस.

ताई : कुठे?

धाकटा : तेही खरंच. उभीच राहा. मी जायच्या आधी घरमालकीणबाईंना फोन केला होता. कडाक्याचं भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाशी तरी भांडून जिंकलो. त्यांनी आज प्लंबर पाठवला.

ताई : कशाला?

धाकटा : गळती बंद करायला. तुला सरप्राइज द्यायचं होतं.

ताई : ढब्या, तू माझा उजवा हात तोडलास.

धाकटा : मी ओल घालवली! जगात इतर बहिणी यासाठी भावाला मिठी मारतात!

काका : येऊ का? दार उघडंच होतं. अभिनंदन! तुमचंही आणि माझंही.

धाकटा : काका, तुम्ही वरून खाली यायला हीच वेळ निवडलीत?

काका : राहवलं नाही हो. दोन वर्षं मी तुमच्या दारावरून मान खाली घालून जिना उतरलो. तुमच्याकडे गळू नये म्हणून कोपऱ्यात एका पायावर उभा राहून आंघोळ केली. आता तुमच्या भिंतीवर एक थेंब उतरणार नाही, प्लंबरने शपथेवर… अरे बापरे. हे सगळं माझ्यामुळे झालं?

ताई : हो काका. सगळं तुमच्यामुळे.

काका : क्षमा करा. मी आत्ताच्या आत्ता खरवडून देतो. उलथनं आहे का?

ताई : हात लावू नका! काका, अहो हे चित्र आहे. निम्मं माझं, निम्मं तुमच्या गळतीचं. चार वाजता ज्या बाई बघायला येतायत त्यांना ते बदलताना दिसायला हवंय, आणि आज तुमची गळतीच बंद झाली. मला ती परत हवी आहे.

काका : मला जरा बसायला मिळेल का?

धाकटा : नाही मिळणार. मी आल्यापासून उभा आहे.

ताई : इथे बघा. दिवसाला एक वलय. हे सोमवारचं, हे मंगळवारचं. बुधवारी वलय नाही.

काका : बुधवारी थंडी होती.

धाकटा : म्हणजे आंघोळ केली नाही.

काका : अंग पुसलं होतं.

ताई : आणि हे, हे तर बघाच! कालचं, शुक्रवारचं. ही काळी-जांभळी धार. माझ्या कुठल्याच साहित्यातून हा रंग निघत नाही. तांबं तपासलं, चहा तपासला, फीत उकळून पाहिली. कसली प्रक्रिया असेल हो ही?

काका : शुक्रवारी मी केस रंगवतो.

धाकटा : काका! तुमचे केस रंगवलेले आहेत?

काका : बाहेर बोलू नका. इतकी वर्षं कोणाला कळलं नाही.

ताई : मी तिला “अज्ञाताची धार” असं नाव दिलंय.

काका : तेच राहू दे, अगं. तेच फार छान आहे. आणि हे एवढं रुंद काय? बाकीची बोटभर, हे चांगलं वीतभर आहे.

ताई : ते आधीच्या शनिवार-रविवारचं. मला वाटलं तुमचा नळ उघडा राहिला.

काका : नात आली होती. बादलीत बसली की बाहेरच यायची नाही. बाहुलीला आंघोळ, बुटांना आंघोळ, माझ्या चष्म्याला आंघोळ. ती गेल्यावर मी बाथरूम पुसून कोरडं केलं. म्हटलं, संपलं. तर ते इथे खाली येऊन बसलंय होय.

ताई : लोणा सगळ्यात जास्त तिथेच फुललाय, काका.

काका : हो, दिसतंय. चारला किती अवकाश आहे?

धाकटा : फार नाही. मी म्हणतो, स्प्रेची बाटली घेऊन पुढून पाणी मारू. त्यांना काय कळतंय!

ताई : पुढून मारलं की नुसतं ओघळतं. भिंतीला आतून घाम फुटला पाहिजे. आणि लबाडीने ती खोली मिळवली, तर तिथे काय करू? रोज बाटली घेऊन पडद्यामागे उभी राहू?

काका : प्लंबर जाताना मला बजावून गेलाय. उद्या सकाळपर्यंत बाथरूममध्ये पाणी सांडायचं नाही. सिमेंट ओलं आहे, सगळं वाहून जाईल.

धाकटा : शहाणा माणूस आहे.

काका : मी बोटाने दाबून पाहिलं. लोण्यासारखं आहे अजून.

ताई : काका…

धाकटा : काका, नाही हं. माझा आयुष्यातला एकमेव विजय आहे तो.

काका : परत भांड. आता तुला सराव झालाय.

ताई : पण सकाळी तुम्ही आंघोळ केलीच असेल ना?

काका : कुठली? प्लंबरने पाणीच बंद केलं होतं. आता आलंय. अगं, दोन वर्षं मी एका पायावर आंघोळ केली. आज दोन्ही पायांवर करणार. शॉवर पूर्ण सोडून! खिडकी उघडी ठेवतो, खालून ओरडा. दार मी ओढून घेतो.

ताई : गेले! दोन-दोन पायऱ्या चढत गेले, बघितलंस?

धाकटा : बघितलं. सत्तरीच्या माणसाला आपण आंघोळीला पिटाळलंय. ट्रेनिंगमध्ये असं काही शिकवलं नव्हतं.

काका : ऐकू येतंय का? सोडू का?

ताई : सोडा!

काका : गरम की गार?

ताई : गरम!

धाकटा : समोरच्या इमारतीतल्या दोन खिडक्या उघडल्या. एक बाई आपल्याकडे बघून नवऱ्याला बोलावतायत.

ताई : बघू देत. टॉर्च धर. वर, छताला लागून. काही दिसतंय?

धाकटा : काही नाही. काही नाही. काही… ताई, चमकतंय. ताई, चमकतंय!

ताई : आलं! काका, आलं!

काका : आनंद आहे! साबण लावू का?

ताई : भरपूर लावा!

धाकटा : ताई, पण हे नेहमीच्या वाटेने येत नाही. डावीकडून येतंय. आणि राखाडी आहे.

ताई : सिमेंट! ओलं सिमेंट घेऊन येतंय ते! अरे, हा रंग मला सुचलाच नसता!

धाकटा : सुचला की नाही ते नंतर बघ. ते तुझ्या पांढऱ्या चौकटीकडे निघालंय. फडकं दे, मी मध्ये बांध घालतो.

ताई : थांब.

धाकटा : थांब काय! शिरलं आत! फांद्या फुटतायत त्याला! एक, दोन… ताई, तीन दिवस घासलीस तू ती जागा!

(बेल वाजते.)

धाकटा : आल्या. हे बघ, मी दार सावकाश उघडतो, पायात चप्पल शोधल्यासारखं करतो. तेवढ्यात पुसून घे.

ताई : पुसायचं नाही.

धाकटा : अख्खी चौकट गेली, ताई.

ताई : गेली ना? या भिंतीवर तेवढी एकच जागा मी एकटीने केली होती. आणि तेवढीच नीटनेटकी होती. बघ की, धार कशी पसरतेय! दार उघड, त्यांना हे आत्ता दिसलं पाहिजे.

धाकटा : उघडतो. आणि त्यांनी विचारलं की हे पूर्ण कधी होणार, तर काय सांगू?

ताई : मला काय विचारतोस? वर विचार.

धाकटा : काका! हे पूर्ण कधी होणार?

काका : सावकाश होऊ दे, बाळा. मला काही घाई नाही.