रुसलेला मामा आणि पत्रिकेवरचा कोड

माझ्या फोटो स्टुडिओची सगळ्यात भारी जाहिरात कुणी केली, सांगू? एका रुसलेल्या मामानं!

आधी मी अहमदपूरच्या बाजारात क्यूआर कोडची पत्रकं वाटली. स्कॅन करा, आमचे फोटो बघा. पण समदे म्हणायचे, "नको बाबा, स्कॅन केलं की पैसे कटतेत."

मग रेणापूरच्या एका लग्नात पत्रिकेच्या मागंच कोड छापला. लग्नात काढलेले फोटो स्कॅन केलं की लगेच मोबाइलवर. तरी कुणी हात लावंना. त्यात अक्षता पडल्या आन् नवरीचे मामा रुसले. "मला फोटूत घेतलंच न्हाई. मी जेवत नसतो!" मामा बसंनात म्हणून वाढलेली पंगत अडली. नवरीचा बाप माझ्याकडं खाऊ का गिळू करून बघू लागला.

मी पत्रिका मामांपुढं धरली. "करा स्कॅन. पैसे कटले तर मी भरतो."

मामांनी केलं. पहिलाच फोटो त्यांचा! फेटा बांधून नवरीच्या मागं ऐटीत उभे.

मामा पत्रिका नाचवत पंगतभर फिरले. "काढा मोबाइल! पैसे कटत न्हाईत, माझी गॅरंटी!" बुंदी तशीच राहिली, समदे आपापला फोटू हुडकू लागले.

आता लग्नाची ऑर्डर आली की तारीख मी मागून विचारतो. आधी विचारतो, "तुमच्यात रुसणारं कोण हाय?"