चिमी कामावर आहे

रुग्णालयात औषधांच्या रांगेत एका आजोबांच्या पुढे एक वेल्डर आणि त्याची बहीण उभे होते.

"ताई, परवा चिमीला अशी धाप लागली, ओठ निळे पडले. तशीच उचलून आणली."

"आणि वाफेचा मास्क?"

"लावूच देईना. नर्सला चावली!"

"आत्यावर गेलीय. मग?"

"मग कारखान्यातून माझा वेल्डिंगचा मुखवटा आणला. मी घातला, तेव्हा कुठे बाईसाहेबांनी मास्क लावला. मघाशी तर डॉक्टरांनाच म्हणाली, 'नंतर या, आम्ही कामावर आहोत.'"

"कसलं काम?"

"मीही विचारलं. म्हणाली, 'बाबा, श्वास घ्यायचं!' आता आमची दुपारच्या वाफेची शिफ्ट लागेल."

"अरे, मग इथे काय करतोस? खाडा पडेल तुझा! पळ, औषधं मी आणते."

आजोबांनी लगबगीनं त्याला वाट करून दिली.