चार अक्षरं आणि एक दाढ

दातांच्या दवाखान्यात माझ्यासमोर एक आजी-आजोबा बसले होते.

"चार अक्षरी शब्द सांगा. पहिली दोन अक्षरं झाडावर, शेवटची दोन पाण्यात."

"थांब गं, विचार करू दे."

आजोबांनी डोळे मिटले. शेजारच्या बाईंना राहवेना.

"आजी, उत्तर काय हो?"

"हळू बोला! उत्तर नाहीच त्याला. दाढ काढायची म्हटली की हे पळ काढतात. कोडं घातलं की बसतात एका जागी."

आजी पाणी प्यायला उठल्या. आजोबांनी एक डोळा उघडला.

"उत्तर नाही, हे मलाही ठाऊक आहे."

"मग एवढा विचार कसला करताय?"

"मी विचारात असलो की हिची टकळी बंद असते. गप्प, आली ती."

"काय हो, सुचलं का?"

"अगदी जिभेवर आहे. जरा शांत बस."