गाड्यापुढची घोडी

नारायणगावच्या स्टँडवर जीपची वाट बघणाऱ्या साळुबाईचे कान शेजारच्या बाकाकडे लागले. दवाखान्यातून आलेले दोघे भाऊ बोलत होते.

"दादा, दीड वर्षात एकदाबी फिट न्हाई आली. आवंदा बैलगाड्याच्या शर्यतीत गाड्यापुढं घोडी मीच पळवणार."

"डाक्टर काय म्हणलं? जागरण न्हाई, गोळी चुकवायची न्हाई, घोडीवर बसायचं न्हाई."

"गोळी कुठं चुकवतोय?"

"घोडीवर असताना फिट आली, तर मागनं बैलं येत्यात, मच्छिंद्र."

"मग कोण बसणार?"

"कोणीच न्हाई. आपला गाडा घोडीबिगर पळंल."

"नंबर जाईल की!"

"जाऊ दे."

"मग तिला शर्यतीच्या घाटात नेऊ नको, दादा. गाडा सुटताना भिर्रर्रची आरोळी ऐकली की ती थांबायची न्हाई."

"घरी बांधू?"

"घरीच. मीबी थांबतो तिच्यापाशी."