झोपायच्या खोलीचं छत

इंग्लंडमधल्या हल बंदरातल्या बांधकाम-सामानाच्या दुकानात रांगेत माझ्यापुढे एक म्हातारं जोडपं उभं होतं.

"ब्रेंडा, बैठकीच्या छताच्या तपासणीत अ‍ॅस्बेस्टॉससारखं घातक काही निघालं नाही. उद्या गवंडी छतावरची ती रेघांची नक्षी खरवडून वर प्लास्टर करेल. सगळं सपाट."

"ट्रेव्हर, तुला वाईट नाही ना वाटणार? लग्नानंतर ओल्या प्लास्टरवर तूच हातानं काढली होतीस ती."

"मला कधीच आवडली नाही ती. तुझ्यासाठी ठेवली."

"माझ्यासाठी? तिच्याखाली जेवताना मला गरगरायचं!"

"मग 'किती सुंदर' का म्हणालीस?"

"तू शिडीवरून उतरलास, मान आखडलेली, भुवया पांढऱ्याफटक, आणि आशेनं माझ्याकडे बघत होतास. दुसरं काय म्हणणार?"

"आणि शेजारणींना बोलावून दाखवत होतीस ते?"

"नवऱ्याचं कौतुक करू नको?"

"धन्य आहेस! मग झोपायच्या खोलीतलीही काढून टाकू."

"ती राहू दे."

"का गं? तीही तसलीच आहे."

"तू मासेमारीला गेलास की समुद्रावरून तुझी काही बातमी यायची नाही. मी अंथरुणात पडून तुझ्या हाताच्या त्या रेघा बघत बसायचे."

तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

"काय देऊ, आजोबा?"

"प्लास्टर. फक्त बैठकीच्या खोलीपुरतं."