दोन ओळींची अदलाबदल

फुकटच्या वस्तूवर रागवू नये म्हणता? आधी ऐका तर खरं.

मुरबाडच्या माझ्या दुकानात बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे मापाने शिवून मिळतात. कुणाच्या बैलाची मान केवढी, हे सगळं मी एका मोफत सॉफ्टवेअरमध्ये ठेवलेलं. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेआधी त्याची नवी आवृत्ती आली. सूचनांत लिहिलेलं, आधी नवी आवृत्ती बसवा, मग जुन्या नोंदींची प्रत काढा. मी तसंच केलं, आणि सगळी मापं पुसली गेली!

बनवणाऱ्यांना लगेच कळवलं, "या दोन ओळींची अदलाबदल करा." उत्तर आलं, "एवढं वापरणाऱ्यांना समजतं."

डोकंच फिरलं. पण जत्रा तोंडावर, म्हणून गोठ्यागोठ्यांत जाऊन पुन्हा मापं घेतली. तिसऱ्या गोठ्यात बैलाने माझ्या पावलावर खूर ठेवला, तो उचलायलाच तयार नाही. मालक वर मलाच म्हणतो, "शेठ, माप मागल्या साली दिलेलं ना तुमाला? त्याला परत परत हात लावलेला नाय आवडत."

सुजलेल्या पावलाचा फोटो काढून त्यांना पाठवला. खाली लिहिलं, "हे बघा, मला किती समजलं ते."

दुसऱ्या दिवशी ओळी बदलल्या. बदलाच्या नोंदीत काय लिहावं त्यांनी? "किरकोळ दुरुस्ती."

आणि इथे माझा पाय अजून चपलेत शिरत नाही!